कल्पित मंत्र आणि खरा न्याय

शेताच्या बांधावरून दोन भाऊ भांडले तर लोकांस त्याचें नवल वाटत नाहीं. वडिलोपार्जित घराच्या वांटणीवरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालले तरी कोणी हंसत नाहीं. परंतु जी वस्तु जगांत कोठेंच नाहीं, तिच्यावरून चार शहाणीं मुलें तासभर वाद घालीत बसलीं म्हणजे मात्र वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. ठाणें, डोंबिवली आणि कल्याण येथील कांहीं घरांत सुटीच्या दिवशीं असे वाद अलीकडे ऐकूं येतात. अदृश्य झालेल्या चोराला दिव्यदृष्टीच्या मंत्रानें पाहिलें, तर त्याच्यावर नेम धरणें सोपें होतें कीं नाहीं? अरुंद भुयारांत अग्निगोल फोडला, तर ज्वाळा कोठवर पोंचतील? मंत्रानें आवाज बंद केलेल्या जागेंत उभें राहून दुसरा मंत्र म्हणतां येईल काय? टेबलाभोंवतीं बसून खेळावयाच्या अद्भुत कथांच्या खेळांतले हे प्रश्न आहेत, आणि ते इतक्या पोटतिडिकीनें लढविले जातात कीं, ऐकणारास वाटावें, एखाद्या इस्टेटीचाच निकाल लागावयाचा आहे.

हा वेळेचा शुद्ध अपव्यय होय, असें पुष्कळांचें मत आहे. आमचें मत याच्या नेमकें उलट आहे. या खेळांत हे वाद हाच सर्वांत मोलाचा भाग आहे असें आम्हांस वाटतें. मात्र ते कसे सोडवावे याची कांहीं रीत असली पाहिजे. ती नसेल तर तेच वाद खेळाचा आणि मैत्रीचाहि नाश करतात. या दोन्ही गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचा येथें विचार आहे.

प्रथम ज्यांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें तो प्रसिद्ध केला. त्याच्यामागून त्याच धर्तीचे इतर अनेक खेळ निघाले. बुद्धिबळांत किंवा सोंगट्यांत पटावर जें दिसतें तेवढेंच जग असतें. येथें जग शब्दांचें असतें. एक गडी सूत्रधार होतो व प्रसंगाचें वर्णन करतो. बाकीचे कोणी योद्ध्याचें, कोणी मांत्रिकाचें, कोणी चोराचें सोंग घेतात. आपण काय करतों हें प्रत्येकानें तोंडानें सांगावयाचें. यशाची शंका असेल तेथें वीस पैलूंचा फासा टाकावयाचा. आणि झालेला परिणाम सूत्रधारानें जाहीर करावयाचा. हाच सूत्रधार पंचहि असतो. नियमांचे मोठमोठे ग्रंथ छापलेले आहेत आणि त्यांत शेंकडों मंत्रांचें, म्हणजे त्यांचा पल्ला, व्याप्ति, अवधि आणि परिणाम यांचें, वर्णन दिलेलें असतें.

एवढे ग्रंथ असतांना प्रश्न कां उरावे? कारण उघड आहे. नियम लिहिणाराचे शब्द मोजके, आणि खेळणाराची कल्पना अमर्याद. घोडा अडीच घरें जातो हें एकदां सांगितलें कीं बुद्धिबळांतल्या घोड्याविषयीं फारसें विचारण्यासारखें उरत नाहीं. परंतु 'अग्निगोल' म्हटला कीं लगेच विचार सुरू होतो. तो पाण्याखालीं फुटेल काय? भिंतीआड लपलेल्यास भाजेल काय? खुंटीवरचा अंगरखा जळेल आणि अंगावरचा नाहीं, असें कसें? कल्पित वस्तूला जगाचे गुणधर्म लावावे तितके थोडेच.

या अग्निगोलाचेंच उदाहरण घेऊं. त्यांत गणिताचीहि गंमत आहे. १९७८ च्या नियमग्रंथांत असें ठरविलें होतें कीं, हा अग्नि जागेच्या आकाराप्रमाणें पसरतो आणि एकंदर सुमारें ३३,००० घनफूट जागा व्यापतो. हा आंकडा कोठून आला? गोलाची त्रिज्या २० फूट धरून कोणत्याहि विद्यार्थ्यानें घनफळ काढावें. तें ३३,५०० च्या आसपास येतें. आतां दहा फूट रुंद व दहा फूट उंच भुयाराची कल्पना करा. त्याचें क्षेत्रफळ शंभर चौरस फूट. म्हणजे त्यांत हा अग्नि एकंदर ३३० फूट लांबवर, दोन्ही तोंडें मोकळीं असतील तर दोन्ही अंगांस १६५ फूट, धांवत जाईल. शत्रु साठ फुटांवर पाहून मोठ्या ऐटींत मंत्र टाकणारा मांत्रिक स्वतःच भाजून निघेल! पुढें २०१४ च्या नियमांत मात्र हा विस्तार नाहीं. तेथें २० फूट त्रिज्येचा गोल, एवढीच व्याप्ति. ज्वाळा कोपऱ्याला वळसा घालतात, पण भुयारांतून मागें धांवत येत नाहींत. तेव्हां एकाच नांवाच्या मंत्रासंबंधीं एकाच प्रश्नाला दोन ग्रंथांत दोन उत्तरें आहेत आणि आपापल्या जागीं दोन्ही बरोबर आहेत. 'खरें उत्तर कोणतें?' या प्रश्नाच्या आधीं 'आपण कोणता ग्रंथ प्रमाण मानला आहे?' हा प्रश्न विचारावा लागतो, हा धडा तेरा वर्षांच्या मुलास दुसऱ्या कोणत्या खेळांत इतक्या सहज मिळेल?

दुसरें उदाहरण अदृश्यतेचें. २०१४ च्या ग्रंथांत अदृश्यतेचे परिणाम दोन निरनिराळ्या कलमांत दिले होते. पहिल्या कलमाप्रमाणें अदृश्य प्राणी मंत्राच्या साहाय्यावांचून दिसत नाहीं. दुसऱ्याप्रमाणें त्याच्यावर होणारे वार कमी सफल होतात आणि त्याचे वार अधिक सफल होतात. आतां एखाद्यानें अदृश्य वस्तु पाहण्याचा मंत्र म्हटला. त्याला तो चोर धडधडीत दिसूं लागला. तर दुसरें कलम सुटलें कीं राहिलें? व्यवहारबुद्धि म्हणते, दिसला म्हणजे संपलें. परंतु दुसऱ्या कलमांत दिसण्या-न दिसण्याचा उल्लेखच नव्हता. शब्दाला शब्द लावला तर चोर दिसत असूनहि त्याचा फायदा कायम! खेळाच्या अधिकृत नियमकारांपैकीं जेरेमी क्रॉफर्ड यांनींहि शब्दांचा अर्थ असाच होतो असें सांगितलें आणि खेळणाऱ्यांत मोठा गदारोळ उडाला. शेवटीं २०२४ च्या सुधारलेल्या ग्रंथांत स्पष्ट शब्द घालण्यांत आले कीं, ज्याला अदृश्य प्राणी कसाहि दिसूं शकतो त्याच्याविरुद्ध हा फायदा मिळत नाहीं. शब्द चुकला असेल तर तो ओढूनताणून वांकविण्यापेक्षां उघडपणें बदलावा, हा मार्ग सर्वांत सरळ होय. विधिमंडळें हेंच करतात.

हे वाद परदेशी खेळाबरोबर आपल्याकडे आले असें कोणी समजूं नये. वरदान, शाप आणि मंत्र यांच्या शब्दांचा कीस काढण्यांत आपल्या पुराणकथांइतकें निष्णात वाङ्मय थोडेंच असेल. हिरण्यकशिपूनें वर मागतांना पळवाट ठेविली नाहीं असें त्यास वाटलें. माणसाकडून नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्रीं नको, घरांत नको, घराबाहेर नको, शस्त्रानें नको. नरसिंहानें त्यांतला एकहि शब्द मोडला नाहीं. संध्याकाळ, उंबरठा, मांडी आणि नखें, इतक्यांतच निकाल लागला. भस्मासुराच्या कथेंतला प्रश्न निराळा आहे: ज्याच्या डोक्यावर हात ठेवावा तो भस्म होईल, या वरांत वर घेणारा स्वतः वगळला आहे काय? शब्दांत अपवाद नव्हता, आणि मोहिनीनें नाचतां नाचतां तेंच सिद्ध करून दाखविलें. कचाची कथा तर नियमांच्या कात्रींतून वाट काढण्याचा उत्तम नमुना आहे. कच शुक्राचार्यांच्या पोटांत. त्याला संजीवनीनें उठवावें तर गुरूचा देह फुटणार, न उठवावें तर देवयानीचा शोक. तेव्हां विद्या पोटांतल्या कचालाच शिकवावयाची, त्यानें बाहेर यावें आणि मग गुरूला जिवंत करावें, अशी तोड निघाली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनीं याच कथेवर 'विद्याहरण' नाटक रचलें, आणि १९१३ सालापासून महाराष्ट्रानें तें आवडीनें पाहिलें. आमच्या आजोबा-पणजोबांनीं रंगभूमीवर जें डोळे भरून पाहिलें, तेंच नातवंडांनीं टेबलाभोंवतीं खेळलें तर बिघडलें कोठें?

नियमांचा अर्थ कसा लावावा याचेंहि आपल्याकडे स्वतंत्र शास्त्र आहे. जैमिनीच्या पूर्वमीमांसेचा जन्म यज्ञांतल्या विधींचे अर्थ ठरविण्याकरितां झाला; पुढें धर्मशास्त्रकारांनीं तींच सूत्रें वारसा-वांटणीच्या व्यवहारालाहि लावलीं. भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या पांच खंडांच्या इतिहासांत या अर्थनिर्णयाच्या नियमांचा सविस्तर विचार केला आहे. त्यांतलीं तीन तत्त्वें आमच्या विषयास उपयोगी पडतील.

पहिलें, प्रत्यक्ष शब्द हा अनुमानापेक्षां बलवान. ग्रंथांत 'बोलतां येत नाहीं' असें लिहिलें असेल, तर 'पण तसें असण्याचें कारण काय' या तर्कानें तें खोडतां येत नाहीं. दुसरें, सामान्य नियमाला विशेष नियम बाधक होतो. यालाच उत्सर्ग आणि अपवाद म्हणतात. विशेष म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ग्रंथांतहि अगदीं प्रारंभीं हेंच सांगितलें आहे: सामान्य आणि विशेष यांचा विरोध आल्यास विशेषाचा जय. पाणिनीनें एक पायरी पुढें जाऊन, सारख्याच बळाचे दोन नियम एकमेकांस भिडले तर नंतरचा नियम घ्यावा, अशी व्यवस्था व्याकरणापुरती लावून ठेविली आहे. तिसरें तत्त्व हेतूचें. त्याचा जुना दाखला मोठा गोड आहे. मुलाला सांगितलें, 'कावळ्यांपासून दही राख.' इतक्यांत मांजर आलें. मुलानें स्वस्थ बसावें काय? मांजराचें नांव कोणी घेतलें नव्हतें हें खरें. पण दही राखणें हा हेतु होता, आणि कावळा हें केवळ उदाहरण होतें.

पहिलें आणि तिसरें हीं तत्त्वें एकमेकांविरुद्ध उभीं राहतात, हें चाणाक्ष वाचकाच्या ध्यानांत आलेंच असेल. शब्द धरावा कीं हेतु? सर्व कायद्यांचा आणि सर्व खेळांचा हा सनातन पेंच आहे. शेक्सपियरच्या नाटकांत पोर्शियेनें शब्दाचा पराभव शब्दानेंच केला: मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडूं नको. क्रिकेटमध्यें १९४७ च्या डिसेंबरांत विनू मांकड यांनीं सिडनीच्या मैदानावर चेंडू टाकण्यापूर्वीं पुढें सरकलेल्या बिल ब्राउनला धावचीत केलें. नियमांत तें बसत होतें. तरी 'खेळाच्या वृत्तीला शोभलें नाहीं' अशी ओरड झाली, आणि अशा बाद होण्याला मांकड यांचेंच नांव चिकटलें. अखेर २०२२ सालीं हें कलम 'अनुचित खेळ' या सदरांतून काढून साध्या धावचीतच्या सदरांत घालण्यांत आलें. पाऊणशें वर्षें लागलीं. पण वादाचा शेवट शिव्याशापांनीं झाला नाहीं, नियम स्पष्ट केल्यानें झाला.

आमच्या मतें शब्द स्पष्ट असेल तेथें शब्द, तो संदिग्ध असेल तेथें हेतु, आणि दोन्ही मुके असतील तेथें पंचाचा विवेक, हाच क्रम योग्य. परंतु या तिहींहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे निवाडा सर्वांस सारखा असणें.

यासंबंधीं डोंबिवलींतल्या एका घरीं आमच्या पाहण्यांत आलेला प्रकार सांगण्यासारखा आहे. पांच-सहा मुलांचा खेळ रंगला होता. त्यांत नियमांची निःशब्द करणारा एक मंत्र आहे: २० फूट त्रिज्येच्या गोलांत कोणताहि आवाज निघत नाहीं, आणि जो मंत्र तोंडानें म्हणावा लागतो तो त्या गोलांत उभें राहून म्हणतां येत नाहीं. एका लहान मुलीची मांत्रिक त्या गोलांत सांपडली. तिनें विचारलें, "हळूच म्हटला तर?" सूत्रधार झालेला मोठा मुलगा म्हणाला, "नाहीं, नियम म्हणजे नियम." तें योग्यच होतें. पुढच्या रविवारीं त्या सूत्रधाराच्या जिवलग मित्राचा मांत्रिक तशाच गोलांत अडकला. मित्र म्हणाला, "मी पुटपुटतों," आणि सूत्रधारानें मान डोलावली. मुलगी म्हणाली, "दादा, मागच्या रविवारीं मला नाहीं म्हणालास ना?" उत्तर मिळालें, "तें वेगळें होतें." काय वेगळें होतें हें कोणी सांगितलें नाहीं. तिनें फासे पिशवींत भरले. तिसऱ्या रविवारीं तिची जागा रिकामी होती.

मोठ्यांस ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. आम्हांस ती वाटत नाहीं. मंत्र कल्पित होता, गोल कल्पित होता. पण अन्याय खरा होता, आणि तो तिला कळला. विरुद्ध निकाल लागला म्हणून ती गेली नाहीं. पहिल्या रविवारीं विरुद्ध निकाल ऐकूनहि ती खेळत राहिलीच होती. कारण न देतां निकाल फिरला म्हणून ती गेली. कौरवांच्या सभेंत द्रौपदीनें जो प्रश्न टाकला तोहि खेळाच्या नियमाचाच होता: युधिष्ठिर आधीं स्वतःला हरला असेल, तर पुढें दुसऱ्याला पणास लावण्याचा त्यास अधिकार उरला होता काय? प्रश्न सरळ होता. विकर्णानें तेवढें धैर्य करून तिच्या बाजूनें उत्तर दिलें. कर्णानें त्याला गप्प केलें. भीष्मांसारखा ज्ञाता धर्माची गति सूक्ष्म आहे असें म्हणून थांबला. नियमाच्या प्रश्नाला जाणत्यांनीं उत्तर देण्याचें टाळलें म्हणजे बळ हेंच उत्तर होऊन बसतें, हें त्या सभेनें कायमचें दाखवून ठेविलें आहे.

म्हणून सूत्रधार होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास आमची विनंति आहे कीं, त्यानें एक निवाड्यांची वही ठेवावी. ग्रंथांत उत्तर न सांपडलेला प्रश्न, आपण दिलेला निर्णय आणि त्याचें एका ओळींत कारण, एवढें तींत लिहावें. तोच प्रश्न पुन्हां आला तर वही उघडावी. पूर्वींचा निर्णय बदलावासा वाटला तर खुशाल बदलावा, पण कारण सांगून, आणि पुढच्या डावापासून; चालू डावांत कोणाच्या सोयीसाठीं नव्हे. निर्णय फासा टाकण्यापूर्वीं द्यावा. फाशावरचा आंकडा दिसल्यावर नियम आठवूं लागला तर कोणीहि संशय घेईल. प्रत्येक बाजूस एकदां बोलूं द्यावें, दोन मिनिटांत निकाल द्यावा आणि खेळ पुढें न्यावा. लांबलचक चर्चा खेळ संपल्यावर करावी. असल्या प्रश्नांचा साठा कधीं संपत नाहीं; 'ड्रॅगन' या मासिकांत त्यांना उत्तरें देणारें 'सेज ॲडव्हाइस' हें सदर १९७९ सालीं सुरू झालें, आणि प्रश्न अजून येतच आहेत.

आतां दोन आक्षेप. कोणी म्हणेल, मंत्रतंत्राचे खेळ खेळून मुलें अंधश्रद्धाळू होतील. १९८० च्या दशकांत अमेरिकेंतहि अनेक भाविक पालकांनीं असें भय व्यक्त केलें होतें. परंतु थोडा विचार केला तर फरक दिसून येतो. २०१३ सालीं ज्या जादूटोण्याविरुद्ध आपल्या राज्यानें कायदा केला, त्या जादूचा पहिला नियम असा असतो कीं, तिला प्रश्न विचारावयाचा नाहीं. तिचा पल्ला कोणी मोजीत नाहीं, अवधि कोणी लिहून देत नाहीं, आणि ती फसली तर दोष भक्ताच्या श्रद्धेचा ठरतो. खेळांतल्या मंत्राचें सर्वच उलट. त्याची किंमत ठरलेली, पल्ला फुटांनीं मोजलेला, परिणाम सर्वांदेखत तपासलेला. आणि 'असें कां?' हें विचारण्याचा हक्क अगदीं लहान गड्यालाहि आहे. जो मुलगा कल्पित मंत्राचीहि मर्यादा विचारावयास शिकला, तो खऱ्या भोंदूसमोर मुकाट्यानें हात जोडील असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, हीच बुद्धि अभ्यासांत लावली तर परीक्षेंत अधिक गुण मिळतील. कदाचित् मिळतीलहि. परंतु ठाण्याहून किंवा कल्याणहून गाडीला लोंबकळत कामावर जाणाऱ्या मनुष्यास पुढील आयुष्यांत ज्या प्रश्नांशीं गांठ पडते, त्यांतले पुष्कळ नियमांचेच असतात. गृहनिर्माण संस्थेच्या सभेंत उपविधीचें कलम वाचावें लागतें; कचेरींत रजेचा नियम एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा लावला जातो; पालिकेच्या अर्जावर 'नियमांत बसत नाहीं' असा शेरा येतो. अशा वेळीं कलम उघडून पाहणें, शब्द कोणता आणि हेतु कोणता हें ओळखणें, विरुद्ध बाजूचें ऐकून घेणें, आणि मुख्य म्हणजे नियम आपल्याविरुद्ध जात असला तरी तो मान्य करणें, ही शिस्त अंगीं असावी लागते. ती व्याख्यानें ऐकून येत नाहीं, संवयीनें येते. आणि संवय लहानपणीं, जेथें हरण्यांत एका कल्पित मांत्रिकापलीकडे कांहीं जात नाहीं तेथें लागली तर फारच उत्तम.

तेव्हां सुटींत आपलीं मुलें अग्निगोलाच्या घनफळावरून भांडूं लागलीं, तर वडिलांनीं रागावूं नये. जवळ बसावें आणि एवढेंच विचारावें: ग्रंथ काय म्हणतो, वही काय म्हणते, आणि मागच्या खेपेस ज्याला नाहीं म्हटलें त्याला आज काय सांगणार? हे तीन प्रश्न ज्या टेबलावर विचारले जातात, तेथील खेळ चालू राहूं द्यावा.